रुमाल टाकलेली जागा कुणाची?

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली जुनी सवय. जागा धरणारा खाली चहा पितोय आणि आत एक म्हातारी उभी आहे. आता ती जागा कुणाची? डेटा सेंटरमध्ये हाच प्रश्न क्षणोक्षणी सोडवावा लागतो.

सुरुवात १९६४ची. अमेरिकेत केंब्रिज इथल्या आयबीएमच्या केंद्रात रॉबर्ट क्रीझी यांच्या गटानं सीपी-४० ही प्रणाली हाती घेतली. एका संगणकावर चौदा आभासी यंत्रं. प्रत्येकाला वाटायचं, अख्खा संगणक आपलाच! पण सगळ्यांनी एकदम मागितलं तर? पीटर डेनिंग यांनी १९६८मध्ये दाखवलं, की मेमरी फार जणांत वाटली की यंत्राचा वेळ पानं आत-बाहेर हलवण्यातच जातो. काम जवळपास थांबतं.

पुढे स्वस्त सर्व्हर आले, प्रत्येक कामाला वेगळा सर्व्हर आला, आणि बहुतेक सर्व्हर बराच वेळ रिकामे बसू लागले. १९९८मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरनं २००१मध्ये ईएसएक्स सर्व्हर आणला. त्यामुळे अनेक सर्व्हरची कामं एका यंत्रावर आली, आणि वाटणीचा जुना प्रश्न परत उभा राहिला.

त्यावरचा कार्ल वाल्डस्पर्गर यांचा २००२चा निबंध मला तत्त्वज्ञानाचा वाटतो. प्रत्येक आभासी यंत्राला ठरलेला हिस्सा असतो. पण केवळ हिस्सा पाहिला तर मोठ्या हिश्शाचं यंत्र मेमरी नुसती अडवून बसतं आणि राबणारं यंत्र उपाशी राहतं. म्हणून त्यांनी पडून असलेल्या मेमरीवर कर बसवला. टंचाई आली की ती आधी काढून घ्यायची. पण किती? कर शून्य असेल, तर निव्वळ मालकी चालते. शंभर टक्के असेल, तर निव्वळ वापर. त्यांनी नेहमीसाठी ७५ टक्के ठेवला. मालक चहा पिऊन परत येईल, तेव्हा त्याला टेकायला थोडी जागा उरावी! शिवाय ठरलेल्या किमान मेमरीला हातच लावायचा नाही.

आणखी एक गंमत बघा. कोणतं पान टाकाऊ, हे बाहेरून कळत नाही. म्हणून यंत्राच्या आत एक छोटा प्रोग्रॅम फुग्यासारखा फुगवतात. जागा कमी पडली की काय सोडायचं, ते यंत्र स्वतःच ठरवतं. किती द्यायचं ते बाहेरचा सांगतो, काय द्यायचं ते आतला.

मालकी मोठी की गरज, हा वाद आपण ग्रंथांत घालत आलो. इथे त्याचं उत्तर एका आकड्यात लिहून ठेवावं लागलं. म्हणून असा आकडा दिसला की विचारा: हा कुणी ठरवला, आणि उभी असलेली म्हातारी त्याला दिसली होती का?