नैराश्यावर औषध आणि संवाद यांचा एकत्रित उपचार

नैराश्याच्या रुग्णाला औषध द्यावे की संवादातून उपचार करावा, हा वाद मनोविकारशास्त्रात दीर्घकाळ चालला. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासाने त्याला वेगळे वळण दिले. जुनाट नैराश्याच्या ६८१ रुग्णांचे यासाठी तीन गट करण्यात आले होते. बारा आठवड्यांनंतर केवळ नेफाझोडोन हे औषध घेणाऱ्या ४८ टक्के, केवळ संवादोपचार घेणाऱ्याही ४८ टक्के, तर दोन्ही उपचार घेणाऱ्या ७३ टक्के रुग्णांना लक्षणीय गुण आला.

पहिल्या चार आठवड्यांत औषधाचा परिणाम अधिक वेगाने दिसला. संवादोपचाराचा प्रभाव उत्तरार्धात वाढला. एकत्रित उपचाराचे मर्म बहुधा यातच आहे. झोप व उत्साह थोडा परतल्याखेरीज रुग्णाला समुपदेशकापुढे बसून बोलणेही जड जाते. आणि ‘सारे माझ्यामुळेच बिघडते’ हा विचार तपासून पाहण्याची सवय कोणतीही गोळी लावू शकत नाही. यकृताला होणाऱ्या इजेच्या तक्रारींमुळे नेफाझोडोनच्या मूळ कंपनीने २००४ मध्ये अमेरिकेतील विक्री थांबविली. एकत्रित उपचाराचा लाभ मात्र पुढे अन्य औषधांबाबतही दिसून आला. सौम्य नैराश्यात अनेकदा केवळ संवादोपचार पुरतो.

बरे वाटू लागताच अनेक रुग्ण परस्पर गोळ्या बंद करतात. त्यामुळे चक्कर, अस्वस्थता असे त्रास संभवतात आणि आजार उलटण्याचा धोका वाढतो. गुण आल्यानंतरही साधारणपणे किमान सहा महिने औषध चालू ठेवून मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू कमी केली जाते.

भारतात खरी अडचण वेगळीच आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचाराविना होते. बोलण्यासाठी तज्ज्ञ आणायचे कोठून, या प्रश्नाचे एक उत्तर गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिळाले. तेथे मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचारांना या बैठकांची जोड मिळालेल्या गटात तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले होते; जोड नसलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा सुरू केली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे.