पवनचक्कीच्या पात्याचें वार्धक्य

यंत्रांचा इतिहास लिहिणारे त्यांच्या जन्माची कथा हौसेनें सांगतात. परंतु यंत्र म्हातारें झाल्यावर त्याचें काय होतें, याची विचारपूस क्वचितच होते. ही उपेक्षा किती महाग पडते, हें विजेच्या पवनचक्क्यांच्या इतिहासावरून आम्हांस दिसून येतें.

डेन्मार्कमध्यें गेडसर येथें १९५७ सालीं योहानेस यूल ह्या अभियंत्यानें २०० किलोवॅटची चक्की उभारली. तिचीं पातीं पोलाद, लांकूड आणि ॲल्युमिनियमचे पत्रे यांचीं होतीं. त्यांतील धातु पुन्हां भट्टींत घालण्याजोगा होता. त्याच वर्षीं जर्मनींत उलरिख ह्यूटर यांच्या चक्कीस काचेचे तंतु राळेनें बांधून घडविलेलीं पातीं बसलीं. हलकीं, बळकट आणि न गंजणारीं हीं पातीं पुढें सर्वमान्य झालीं. डेन्मार्कमधील ट्विंड येथें शिक्षक व विद्यार्थी यांनीं १९७८ सालीं पुरी केलेल्या प्रचंड चक्कीचीं पातीं ह्याच द्रव्याचीं होतीं.

ह्या द्रव्याचें मर्म असें, कीं राळ एकदां आळली म्हणजे तिचे रेणु परस्परांस कायमचे जखडले जातात. भाजलेल्या मडक्याची जशी पुन्हां माती होत नाहीं, तशी ती पुन्हां वितळत नाहीं. समुद्रांतील पवनचक्क्यांचा पहिला मळा डेन्मार्कमध्यें विंडेबी येथें १९९१ सालीं उभा राहिला आणि २०१७ सालीं उतरविला गेला. चक्की २६ वर्षांत निवृत्त झाली; पात्याचें द्रव्य मात्र त्याहून कितीतरी अधिक काळ टिकणारें. अमेरिकेंत वायोमिंग राज्यांतील कॅस्पर येथें २०२० च्या सुमारास अशीं शेंकडों पातीं कापून जमिनींत पुरण्यांत आलीं.

यावर पहिला उपाय आयुष्य वाढविण्याचा. मोठ्या पात्याचें टोंक ताशीं सुमारें ३०० किलोमीटर वेगानें फिरतें. तेव्हां पावसाचा थेंबहि छिन्नीसारखा लागून पुढची कड झिजते. ती वेळींच भरून वर संरक्षक लेप दिल्यास आंतील तंतु वांचतात. त्यानंतरचा उपाय दुसऱ्या कामीं लावण्याचा; ऑल्बोर्ग बंदरांत जुन्या पात्याखालीं सायकलींस निवारा मिळाला आहे. जर्मनींत सिमेंटच्या भट्टींत राळ जळण म्हणून व काच कच्चा माल म्हणून खपते. परंतु तेथें तंतूंचें बळ फुकट जातें. २०२१ सालीं ऑल्बोर्ग येथेंच सौम्य आम्लांत सुटणाऱ्या राळेचीं पातीं तयार झालीं, आणि २०२३ सालीं व्हेस्टास कंपनीनें जुन्या इपॉक्सी राळेचें रसायनांनीं विघटन करण्याची रीत जाहीर केली.

म्हणजे गांठ मारल्यावर ती सोडविण्याची युक्ति शोधण्यास सहा दशकें लोटलीं. हा प्रश्न परक्यांचाच आहे असें नाहीं. साताऱ्याजवळील वनकुसवड्याच्या पठारावरहि पवनचक्क्या उभ्या आहेत, आणि त्यांचीं पातींहि एक दिवस खालीं उतरावयाचीं आहेत. तीं कोठें जावयाचीं, याचा निर्णय तीं फिरत आहेत तोंवरच व्हावा, असें आम्हांस वाटतें.