गोळी सुटण्याचा इतिहास

औषधे शोधून काढणाऱ्यांची चरित्रे आपण मुलांना शिकवतो. औषध सोडवायला ज्यांनी शिकवले त्यांचे नाव कुठल्या धड्यात येत नाही. झोपेच्या गोळीच्या इतिहासात ही उणीव विशेष जाणवते. गोळी घ्यायला माणूस एका रात्रीत शिकतो. ती सुखरूप कशी सोडावी हे उमगायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ शतक लागले.

एकोणिसाव्या शतकात निद्रानाशावर ब्रोमाइड देत. १८६९ मध्ये बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइख यांनी क्लोरल हायड्रेट पुढे आणले. पण खरा पालट झाला तो १९०३ मध्ये. आदल्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळालेले एमिल फिशर आणि त्यांचे सहकारी योझेफ फॉन मेरिंग यांनी बार्बिटाल जगापुढे ठेवले. बाजारात ते ‘व्हेरोनल’ या नावाने आले. १९१२ मध्ये त्याचे भावंड ‘ल्युमिनल’ आले. आपल्याकडची जुनी मंडळी ज्याला ‘गार्डिनल’ म्हणून ओळखतात तेच हे औषध, आणि फेफऱ्यावर ते आजही दिले जाते.

फेफऱ्याचा उल्लेख मुद्दाम केला आहे. १९५० मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे हॅरिस इस्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. मॉर्फिनचे पूर्वीचे व्यसनी असलेल्या पाच जणांना त्यांनी बार्बिट्युरेटच्या मोठ्या मात्रा दीर्घकाळ दिल्या आणि मग औषध एकदम तोडले. हात थरथरू लागले, झोप पार उडाली, बहुतेकांना झटके आले, भ्रम झाला. फेफरे थांबवणारे औषध एकाएकी काढून घेतले तर तेच फेफरे उभे राहते, असा त्याचा अर्थ. असा प्रयोग आजच्या नियमांत बसणार नाही, बसूही नये. पण त्या पाच जणांचे ऋण नाकारता येत नाही.

पुढच्या अंकाचा नायक लिओ स्टर्नबाख. आम्हा सीमाभागातल्या माणसांना या गृहस्थाविषयी आपुलकी वाटावी. १९०८ मध्ये तो जन्मला ते आबात्सिया गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होते, मग इटलीत गेले, मग युगोस्लाव्हियात, आणि आता क्रोएशियात आहे. शिक्षण पोलंडमधल्या क्राकोव्हला. ज्यू असल्याने युरोप सोडून १९४१ मध्ये त्याने अमेरिका गाठली. तेथे रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत, १९५७ मध्ये, आवराआवर करताना बाजूला पडलेले एक रसायन तपासणीला गेले आणि त्याचे ‘लिब्रियम’ झाले. ते १९६० मध्ये बाजारात आले, ‘व्हॅलियम’ १९६३ मध्ये, आणि खास झोपेची ‘मोगॅडॉन’ १९६५ मध्ये. बेन्झोडायझेपिन म्हणतात तो हाच वर्ग. आपल्याकडे घरोघरी माहीत झालेली ‘काम्पोज’ म्हणजे व्हॅलियमच. पुढे आलेली अल्प्राझोलामही याच कुळातली.

जास्त गोळ्या घेतल्या तरी बार्बिट्युरेटच्या मानाने मृत्यूचा धोका पुष्कळ कमी, हा तिचा मोठा गुण होता. पण त्यावरून ‘हिची सवय लागत नाही’ असाही निष्कर्ष काढला गेला, आणि तेथे घोडे पेंड खाल्ले. पुरावा नव्हता असे नाही. १९६१ मध्येच लिओ हॉलिस्टर यांनी लिब्रियमच्या मोठ्या मात्रेवर असलेल्या अकरा रुग्णांचे औषध एकदम बंद करून पाहिले होते. दहा जणांना नवा त्रास सुरू झाला, दोघांना झटके आले. मात्रा फार मोठी होती, म्हणून जगाने तिकडे काणाडोळा केला. १९८० मध्ये ब्रिटनच्या एका सरकारी समितीने तर १९६० ते १९७७ या काळात साऱ्या देशात या गोळ्यांवर अवलंबून राहिलेल्यांचा आकडा दिला, अवघा २८! लक्षावधी लोक रोज गोळी घेत असताना हा आकडा लिहिताना कुणाचा हात अडखळला नाही, याचे नवल वाटते. पुढच्याच वर्षी लंडनचे माल्कम लेडर आणि हॅनेस पेटुरसन यांनी दाखवून दिले की डॉक्टरांनी दिलेली नेहमीची मात्रा घेणाऱ्यालाही ती थांबवताना हाच त्रास होतो. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये औषध सुरक्षा समितीने सांगितले, ही औषधे दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नका. ठीक, पण ज्यांनी दहा-दहा वर्षे घेतली होती त्यांनी काय करायचे?

त्याचे उत्तर न्यूकॅसलला तयार होत होते, आणि ते शोधणाऱ्या हेदर ॲश्टन यांचा जन्म १९२९ चा, डेहराडूनचा. त्यांचे वडील हॅरी चॅम्पियन म्हणजे भारतातील वनांचे प्रकार ठरवणारे वनशास्त्रज्ञ. आपल्या वनखात्यात ते नाव आजही घेतले जाते. ॲश्टनबाईंनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे केवळ या गोळ्या सोडू पाहणाऱ्यांसाठी दवाखाना चालवला. रुग्ण काय सांगतो ते ऐकून घ्यायचे आणि लिहून ठेवायचे, ही त्यांची पद्धत. त्रास सांगणाऱ्याला ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून परत पाठवण्याची तेव्हा रीत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या ऐकण्याचे मोल कळते.

तो त्रास मनाचा नव्हे हे १९७७ मध्येच दिसू लागले होते. त्या वर्षी मेंदूत ही औषधे जेथे चिकटतात त्या जागा सापडल्या. मेंदूला शांत करणारे ‘गाबा’ नावाचे एक द्रव्य असते. गोळी त्याचा जोर वाढवते. चोर्ला घाट उतरताना शेजारच्याने आपल्या वतीने ब्रेक दाबून धरावा आणि महिनोन्‌महिने तसेच चालावे, म्हणजे आपला पाय सैल पडणारच. त्याने एकाएकी पाय काढला तर गाडी कुठे जाईल?

म्हणून ॲश्टनबाईंचा मार्ग सावकाशीचा. शरीरातून लवकर निघून जाणाऱ्या गोळीच्या जागी हळूहळू डायझेपाम आणायची. ती अंगातून उतरायला दिवसचे दिवस घेते, त्यामुळे रात्री-दिवसाचे चढउतार होत नाहीत. मग आठवड्या-दोन आठवड्यांनी चालू मात्रेचा साधारण दहावा हिस्सा कमी करायचा. त्रास वाढला तर त्याच पायरीवर थांबायचे. गती रुग्णाने ठरवायची, देखरेख डॉक्टरांची. अशाने सहा महिने जातात, कुणाला वर्षाहून अधिक. हे सारे त्यांनी १९९९ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने लिहिले.

आमच्या संध्याकाळच्या फिरण्यातले एक निवृत्त शिक्षक ‘मी निश्चयाचा पक्का, उद्यापासून बंद’ असे म्हणत असत. तिसऱ्या रात्री टक्क जागे राहून ते पुन्हा पाकिटाकडे वळत, आणि गोळीवाचून आपल्याला झोपच नाही अशी त्यांची खात्री पटे. गोळी तुटल्यामुळे उफाळणारी ती जाग होती. तिचा निश्चयाशी संबंध नाही. उलट, असा निश्चय वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्याला झटक्यापर्यंत नेऊ शकतो. शेवटी त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना गोळीचे तुकडे आणि एक वही दिली. साडेआठ महिने लागले.

आपल्याकडे १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. दुकानदाराने त्यांची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपायची असते. ही नोंद गोळी विकल्याची. सोडवल्याची नोंदवही नियमांत नाही.

ॲश्टनबाई १५ सप्टेंबर २०१९ रोजी निवर्तल्या. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या वर्गातील प्रत्येक औषधाच्या माहितीपत्रकात, चौकटीत, सवय लागण्याचा आणि एकदम सोडण्यातल्या धोक्याचा इशारा छापण्याचा आदेश दिला. लिब्रियम बाजारात येऊन तेव्हा साठ वर्षे झाली होती.