सुरतेवरून गेलेली बग्गी

इ. स. १६१५ त इंग्रज वकील सर टॉमस रो सुरतेनजीक सुवाळीस उतरला. त्याच्या नजराण्यातील विलायती बग्गी १६१६ त अजमेरास जहांगीर बादशहापुढे गेली. बादशहाने तिचे आतील अस्तर बदलून ती जरीने मढविली व तशीच दुसरी घडविली. नजराण्यास किंमत नसते, असे म्हणतात. पण देवापुढे नारळ ठेवणाराच्याही मनी मागणे असतेच. बग्गीच्या मोबदल्यात रो यास व्यापाराचा तह हवा होता. १६१९ त तो काही फर्मानांवर समाधान मानून परतला. १६०८ साली याच सुरतेत मुकर्रबखानाने हॉकिन्सचा माल मन मानेल त्या भावाने घेतला होता. आम्हांस वाटते, दोघांच्या संमतीवाचून ठरते ती किंमत नव्हे. एकीकडे ती वसुली, दुसरीकडे आर्जव.