नाकाला न येणारा वास

पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावच्या बाहेर, डिंभे धरणाच्या कालव्याखालच्या एका टोमॅटोच्या प्लॉटमध्ये तुम्ही उभे आहात. साल २०१५, पावसाळा सरत आलेला, सकाळचे साडेसहा. बांधावरच्या गवताने विजार गुडघ्यापर्यंत भिजलीय. झाडं तारकाठीला सुतळीने बांधलेली, फळं लिंबाएवढी. पण नाकात आधी शिरतो तो औषधाचा वास. काल संध्याकाळीच फवारणी झालेली आहे.

प्लॉटचे मालक एक पान खुडून तुमच्या हातात देतात. "नागअळी म्हणावी तर रेघ नाय. हे पार पान सोलून खातंय. औषध मारूनबी हटंना."

पान उजेडाकडे धरा. नागअळीची वळणावळणाची पांढरी रेघ असते. इथे मात्र कागदासारखा फिकट, फुगीर डाग आहे. पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधोमध एक हिरवट अळी हलतेय, मागे काळी विष्ठा साठलेली. वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचणार कसं? ती घरात बसून जेवतेय आणि आपण छपरावर पाणी ओततोय. शेजारच्या फळाला देठाजवळ टाचणीएवढं छिद्र दिसतं. हीच अळी तिथेही शिरलीय.

ही टुटा. मूळची दक्षिण अमेरिकेची. २००६ मध्ये ती स्पेनमध्ये पोचली, आणि २०१४ च्या ऑक्टोबरात पुणे परिसरातल्या टोमॅटोवर ती भारतात पहिल्यांदा ओळखली गेली. हिच्या पतंगाची एक मादी अडीचशेच्या आसपास अंडी घालते, आणि उबदार हवेत महिनाभरात नवी पिढी उडू लागते.

डोळे मिटून तो औषधाचा वास खोल आत घ्या. त्याच्या तळाशी एक जुना, कुबट वास आहे. त्याचा माग धरा.

हेच रान, पन्नास वर्षांपूर्वीचं. अंगणातल्या कणगीजवळ कुणीतरी पांढरी भुकटी भुरभुरतंय. गॅमॅक्झिन. उघड्या हाताने, तोंडाला फडकं नाही, आणि शेजारीच पोरं खेळताहेत. (बीएचसी नावाच्या या भुकटीवर देशात बंदी आली ती १९९७ मध्ये.) आता रानाकडे बघा. धरण नाही, कालवा नाही. पावसाळ्यात बाजरी, भीमाशंकरच्या अंगाला भात, आणि मग उन्हाळाभर रान उघडं. किडीलाही त्या उन्हाळ्यात उपास घडतो. पुढे पाणी आलं आणि बारमाही टोमॅटो आला, तसं किडीला बारमाही ताट मिळालं. मी धरणाला दोष देत नाही. त्या पाण्याने या तालुक्यात घरं उभी केली, आणि त्यासाठी जुनं आंबेगाव गाव पाण्याखाली गेलं. पण ज्या पाण्याने पीक वाढलं त्याच पाण्याने कीडही पोसली, हे मान्य केल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

आता दुसरा वास. गवती चहाच्या जवळचा, लिंबासारखा. सिट्रोनेला तेल.

तुम्ही बिहारात पुसा इथे आहात, १९१० च्या दशकाच्या सुरुवातीला. सरकारी शेती संशोधन संस्था आहे ही. भूकंपानंतर दिल्लीला हलली आणि आपलं गावाचं नाव बरोबर घेऊन गेली ती हीच पुसा. डास पळवायचं तेल लावलेल्या फडक्यावर माश्या घोंघावताहेत. डास पळवणारं तेल माश्यांना बोलावतंय! फ्रँक हॉलेट नावाचा कीटकशास्त्रज्ञ वाकून बघतोय. या फळमाश्या आहेत, आणि फडक्यावर जमलेल्या सगळ्या नर आहेत. एकही मादी नाही. हॉलेटने ही गोष्ट १९१२ मध्ये छापली आणि तेलातला एकेक घटक वेगळा करून तपासत १९१५ पर्यंत तो मिथिल युजेनॉलपाशी पोचला. आंब्याच्या बागेत आज टांगलेल्या फळमाशीच्या सापळ्यात तेच असतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा याच धाग्यावर उभा आहे. तुमच्या दारातल्या तुळशीतही मिथिल युजेनॉल असतं. हॉलेट १९२० मध्ये गेला. शेतकऱ्यांच्या तोंडी त्याचं नाव कधी आलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुढच्या ठिकाणी मात्र वासाच्या मागावर जाता येणार नाही. म्युनिक, १९५९. टेबलावर रेशमाच्या पतंगाच्या माद्या. चिमट्याने त्यांच्या पोटाच्या टोकाची इवली ग्रंथी काढली जातेय. तुम्ही वास घेता, काहीच येत नाही. बाजूच्या पेटीतला नर स्तब्ध बसलाय. ग्रंथीच्या अर्कात बुडवलेली काचेची कांडी त्याच्या मिशांजवळ नेली, आणि तो पंख फडफडवत गोल गोल फिरू लागला. अडॉल्फ बुटेनांट यांच्या प्रयोगशाळेत हा फडफडाट हेच मोजमाप. अर्क आणखी शुद्ध करायचा, आणखी पातळ करायचा, पुन्हा नराला दाखवायचा. दोन दशकांची मेहनत, पाच लाख माद्या, आणि शेवटी हाती लागलं ते काही मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य: बॉम्बिकॉल. त्याच वर्षी कार्लसन आणि ल्युशर यांनी अशा द्रव्यांना 'फेरोमोन' हे नाव दिलं. आपल्या शेतीच्या मराठीत त्याला कामगंध म्हणतात. मला हा शब्द मूळ शब्दापेक्षाही आवडतो. तो कानावर पडताच काम कळतं.

पाच लाख माद्या लागल्या, कारण तेव्हा उपकरणं नव्हती. १९९५ मध्ये टुटाच्या मादीचा गंध ओळखला गेला तेव्हा फार थोड्या माद्यांवर भागलं. चौदा कार्बनची साखळी, तीन दुहेरी बंध, टोकाला अ‍ॅसिटेट. बंधाची एक जागा चुकली की नर ढुंकून बघत नाही. घाटेअळीच्या कामगंधात तर दोन द्रव्यं शंभरात ९७ आणि ३ अशी लागतात. मादीच्या अंगात हे माप कधी चुकत नाही. ते प्रयोगशाळेत साधायला माणसाला आयुष्य घालावं लागतं.

घोडेगावात परत या. तीच सकाळ, आता साडेसात. पिकाच्या उंचीला ठेवलेल्या पाण्याच्या सापळ्यावर राखाडी रबराची एक छोटी टोपी टांगलीय. हीच लूर, म्हणजे मादीच्या गंधाचं आमिष. नाकाला लावू नका, हातही लावू नका. तंबाखूचा किंवा औषधाचा वास तिला लागतो. तिच्यात अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास द्रव्य आहे. आणि बघा, ओळीओळीतून तपकिरी, ज्वारीच्या दाण्याहून थोडा लांब पतंग वाऱ्याच्या उलट दिशेने झोके घेत येतोय. टुटाचे नर सकाळीच उडतात. तो टोपीभोवती दोनदा फिरतो आणि पाण्यात पडतो.

"मंग सगळे नर मारले की झालं," मालक म्हणतात.

नाही, दादा. एक नर अनेक माद्यांशी जुळतो. दहातले आठ पकडले तरी उरलेले दोन पुरे पडतात. टुटा संपवायला एवढ्यावर भागत नाही. जोडीला पोखरलेली पानं-फळं प्लॉटबाहेर काढून पुरावी लागतात, मळा संपला की जुनी झाडं बांधावर ठेवून चालत नाही. सापळ्याचं खरं मोल आकड्यात आहे. काल चार पडले, आज तीस पडले, म्हणजे आठवड्याभरात पानात अळ्या दिसणार. शेजाऱ्याने पंप काढला म्हणून आपणही काढायचा, ही भीतीची फवारणी आहे. तिने पैसा जातो, मित्रकिडी मरतात आणि अळी औषधाला निर्ढावते. पुढे २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतरही आपण पंप सवयीने पाठीवर घेत असू, तर ते मला पटत नाही.

एका सापळ्यात एकाच किडीची लूर लावा. पाकिटावर लिहिलेल्या मुदतीला ती बदला, आणि जुनी रानात फेकू नका. किती पतंगांवर फवारणी करायची ते नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आणि उद्या सकाळी प्लॉटवर गेलात की पंपाला हात लावण्याआधी सापळ्यातले पतंग मोजा आणि तारीख घालून वहीत लिहा.