नॉरिस धरणाचीं छायाचित्रें

अमेरिकेंतील टेनेसी राज्यांत क्लिंच नदीवरील नॉरिस धरण १९३६ सालीं पुरें झालें. त्याच्या जलाशयांत लॉयस्टन हें गांव बुडालें. तत्पूर्वीं, १९३३ सालीं, लुइस हाइन यांनीं तेथील घरें, प्रार्थनामंदिरास निघालेलीं माणसें व धरणाचें काम यांचीं छायाचित्रें घेतलीं. परंतु हाइन यांस नेमिलें होतें तें धरण बांधणाऱ्या टेनेसी खोरें प्राधिकरणानेंच. आश्रयदात्याच्या आज्ञेनें लिहिलेली बखर आपण जशी ताडून पाहतों, तशींच हीं चित्रेंही पाहिलीं पाहिजेत. चित्रांतील घर अस्सल खरें. पण मोडकें घर टिपावें कीं नांदतें, ही निवड टिपणाराची. म्हणून जमिनीच्या दस्तांशीं मेळ घातल्यावांचून, उठविलेल्या कुटुंबांच्या स्थितीविषयीं केवळ या चित्रांवरून निर्णय देऊं नये, असें आमचें मत आहे.