दातखीळ : खीळ नेमकी कुठे बसते?

"माझं तोंड उघडत नाही." भोकर-हदगाव-किनवट पट्ट्यात कुठल्याही दातांच्या डॉक्टरला विचारा, ही तक्रार त्यांनी शेकडो वेळा ऐकलेली असते. तुमच्यापैकी जे फिजिओथेरपी, दंतवैद्यक किंवा लाइफ सायन्समधून पेटची तयारी करताय, त्यांना या वाक्यावर एक सिनॉप्सिस सहज सुचेल : "जबड्याच्या दुखण्यावर व्यायामाचा परिणाम". विषय चांगला आहे. पण गाइडचा पहिला प्रश्न असेल, कुठल्या जबड्याच्या? या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात वैद्यकशास्त्राची बरीच वर्षं गेली आहेत. हा लेख त्या इतिहासाबद्दल आहे. रिव्ह्यू ऑफ लिटरेचर लिहिताना तो माहीत नसेल तर तीन वेगळे आजार तुम्ही एकाच तक्त्यात भरून मोकळे व्हाल.

आधी थोडी शरीररचना. कानाच्या छिद्राच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि हळू "आ" करा. सुरुवातीला हाडाचं टोक जागच्या जागी फिरतं. साधारण २० ते २५ मिलिमीटर तोंड उघडल्यावर ते पुढे घसरायला लागतं आणि बोटाखाली खड्डा जाणवतो. फिरणं आणि घसरणं, ही दोन्ही कामं एकाच सांध्याची. मधे एक पातळ चकती असते, ती टोकाबरोबर पुढेमागे सरकते. मोठ्या माणसाचं तोंड ४० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उघडतं. घरगुती माप म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का ते बघायचं.

आता ती जात नसतील तर खीळ तीन ठिकाणी असू शकते. एक, सांध्यात, म्हणजे चकती जागेवरून सरकून अडकलेली, किंवा मार लागून हाडं जुळून गेलेली. दोन, चावायच्या स्नायूंत. गालाचा आणि कानशिलाचा स्नायू ताठ होऊन दुखतो, पण सांधा ठीक असतो. तीन, तोंडाच्या आतल्या अस्तरात. गालाची आतली कातडी पांढरी, चिवट, दोरीसारखी होते आणि ताणलीच जात नाही. (अक्कलदाढेचा पू आणि धनुर्वात ही आणखी दोन कारणं. धनुर्वातातली दातखीळ हा जीवघेणा प्रकार असतो, तिथे व्यायामाची गोष्टच काढायची नाही.) बाहेरून तक्रार एकच, उपाय मात्र तिन्हीकडे वेगळे. जबड्यावरच्या उपचारांचा इतिहास म्हणजे बराचसा या तिघांच्या गोंधळाचा इतिहास आहे, असं मला वाचताना वाटत गेलं.

हाताने जबडा बसवणं फार जुनं आहे. इ.स.पू. १६००च्या सुमाराच्या इजिप्तमधल्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये पंचविसावा रुग्ण निखळलेल्या जबड्याचा आहे. अंगठे तोंडात मागच्या बाजूला, बोटं हनुवटीखाली, आणि जबडा मागे ढकलायचा. आज कॅज्युअल्टीत डॉक्टर जे करतात, ते यापेक्षा फारसं वेगळं नाही. आपल्याकडे चरकसंहितेत, चिकित्सास्थानाच्या वातव्याधीच्या २८व्या अध्यायात, तोंड उघडं राहिलेल्या माणसाचा जबडा आधी शेकायचा, मग अंगठ्यांनी दाबून तर्जनींनी हनुवटी वर उचलायची, असं सांगितलं आहे. मला त्यापुढची ओळ जास्त महत्त्वाची वाटते. सैल पडलेला जबडा जागेवर आणायचा आणि ताठ झालेला शेकून वाकवायचा, असा फरक तिथे केला आहे. म्हणजे निखळलेला आणि आखडलेला हे दोन वेगळे, हे तेव्हाही माहीत होतं. सुश्रुताच्या भग्नचिकित्सेत शेक, सांधा बसवणं, वर पाच टोकांची पट्टी आणि औषधी तुपाचं नस्य असा क्रम येतो. शेकून मग हालचाल, ही जोडी आजच्या फिजिओथेरपीच्या खोलीतही तशीच दिसते.

सुश्रुताचा विषय निघालाच आहे तर इथे थोडं थांबू, कारण तुम्ही याच खड्ड्यात पडायची शक्यता आहे. तोंडाच्या अस्तराच्या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. त्यावरचे भारतीय पेपर उघडा. कितीतरी पेपरांच्या प्रस्तावनेत लिहिलेलं दिसेल की सुश्रुताने "विदारी" नावाने हाच आजार सांगितला, त्यात तोंड हळूहळू कमी उघडतं, अस्तराचा रंग जातो, जेवताना आग होते. आता निदानस्थानाचा १६वा अध्याय स्वतः काढून वाचा. तिथे विदारी घशाच्या रोगांत येते : आत जळजळ, टोचणी, तांबूस सूज, कुजून गळणारं मांस, आणि माणूस ज्या कुशीवर झोपतो त्या बाजूला जास्त. तोंड कमी उघडण्याचा तिथे उल्लेख नाही. जळजळ सोडली तर जुळणारं फारसं काही नाही. हे वाक्य एका पेपरातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात गेलं आहे आणि मूळ संहिता उघडून बघायची तसदी फार कमी जणांनी घेतली आहे. परंपरेचा अभिमान असेल तर ती वाचायला तरी हवी ना? संस्कृत येत नसेल तरी हरकत नाही, सुश्रुताची मराठी-हिंदी भाषांतरं मोठ्या ग्रंथालयांत मिळतात.

पाश्चात्त्य वैद्यकाची गोष्ट थोडक्यात सांगतो. १८८७ मध्ये एडिंबराच्या अनंडेल यांनी सरकलेली चकती टाके घालून बसवली, पण तो धागा पुढे बराच काळ तुटलेलाच राहिला. मोठं वळण आलं १९३४ मध्ये. सेंट लुईसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी अकरा रुग्णांवरून मांडलं की मागच्या दाढा गेल्या की जबडा मागे सरकतो, सांध्याजवळच्या नसा दबतात आणि म्हणून कान दुखतो, चक्कर येते, जबडा दुखतो. नुसते अकरा रुग्ण! पण "कॉस्टेन सिंड्रोम" हे नाव जगभर चिकटलं आणि दुखणारा जबडा दंतवैद्याच्या खुर्चीत जाऊन बसला. दातांची उंची वाढवा, चावा दुरुस्त करा, हे उपाय दशकानुदशकं चालले. शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी सिशर यांनी १९४०च्या दशकाच्या शेवटी दाखवून दिलं की कॉस्टेन म्हणतात तशा नसा तिथे दबूच शकत नाहीत. तरी ही पद्धत लगेच थांबली नाही.

१९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लास्लो श्वार्ट्झ यांनी रोख सांध्यावरून स्नायूंकडे वळवला. दुखणारा भाग पुष्कळदा स्नायू असतो, आणि तो व्यायाम, शेक, ताण घालवणं याला प्रतिसाद देतो. १९६९ मध्ये डॅनियल लास्किन यांनी हाच विचार पुढे नेला. पुढे १९७०च्या दशकाच्या अखेरीस चकती परत चर्चेत आली आणि ती तपासायची साधनंही सुधारली. १९९२ मध्ये संशोधनासाठी निदानाचे ठरावीक निकष आले, २०१४ मध्ये त्यांची सुधारलेली आवृत्ती, डीसी/टीएमडी, आली. स्नायू आणि सांधा वेगळे कसे ओळखायचे, कुठे किती दाबायचं, कुठे किती मिलिमीटर मोजायचं, सगळं त्यात लिहिलेलं आहे. तुमचा विषय या दोन खिळींचा असेल तर हे निकष टाळून चालणार नाही. २०२३च्या डिसेंबरमध्ये बीएमजेमध्ये जुनाट जबडेदुखीवर मार्गदर्शक शिफारशी आल्या. देखरेखीखालचा जबड्याचा व्यायाम आणि ताण, मानेची ठेवण सुधारणारा व्यायाम, थेरपिस्टने हाताने सांधा हलवणं, दुखऱ्या गाठींवर दाब आणि मानसोपचारातली वर्तन-विचार पद्धत यांची तिथे ठाम शिफारस आहे. कॉस्टेननंतर नव्वद वर्षांनी चेंडू दातांकडून हातांकडे आला.

पण या सगळ्यात आपल्या भोकरच्या रुग्णाचं काय? त्याची खीळ बहुधा तिसऱ्या जागी आहे, आणि त्या जागेचा इतिहास न्यूयॉर्कमध्ये नाही, मुंबईत आहे.

१९५२ मध्ये जे. श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा आजार नोंदवला. (हे श्वार्ट्झ वेगळे, ते लास्लो वेगळे. काळ तोच, विषय तोंडाचाच. संदर्भसूचीत आडनावावर विसंबू नका.) त्याच सुमारास मुंबईचे एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानींवरचा हा तंतूंचा आजार मांडला, आणि "सबम्युकस फायब्रोसिस" हे आज रूढ असलेलं नाव त्यांच्या लेखातून आलं. १९६६ मध्ये डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग आणि मुंबईच्या सत्यवती सिरसाट यांनी आजाराची व्याख्या केली, तीच आजही उद्धृत होते. सिरसाट या मुंबईत कर्करोग संशोधनात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी उभी करणाऱ्या शास्त्रज्ञ. मुलींनो, हे नाव लक्षात ठेवा.

मग १९७२चा एक पेपर बघा, महाराष्ट्रासाठी मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाचे फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. एक लाख माणसांना गावोगाव जाऊन "आ करा" म्हणायचं! त्यात सबम्युकस फायब्रोसिसचे रुग्ण अगदी मोजके निघाले. तेव्हा सुपारी नव्हती का? होतीच. साखरपुड्याला सुपारी फोडल्याशिवाय आपलं लग्न ठरत नाही, आजीच्या पानपुड्यात अडकित्ता असायचाच. पण ती पानात, चुन्याबरोबर, जेवणानंतर खाल्ली जायची. पुढच्या वीस वर्षांत ती वाळवून, कुटून, सुगंध लावून पुडीत आली, आणि पुडी शाळेबाहेरच्या टपरीवर टांगली गेली. १९९८ मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातल्या पाहणीवरून प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी हा आजार तरुणांमध्ये नव्या साथीसारखा पसरतोय का, असा प्रश्न विचारला. आजार तोच होता, रुग्णाचं वय बदललं होतं. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मग नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली जुलै २०१२ मध्ये पुन्हा आली. या कायद्यात असा आदेश जास्तीत जास्त एका वर्षाचा असतो, म्हणून तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो. टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे.

आता व्यायामाकडे. सुपारीतलं अरेकोलिन फायब्रोब्लास्ट पेशींना जास्त कोलॅजन बनवायला लावतं. सुपारीत तांबंही बरंच असतं, आणि कोलॅजनचे धागे एकमेकांना घट्ट बांधणारं लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम तांब्यावर चालतं. म्हणजे दोर वाढतो आणि वर गाठीही पक्क्या बसतात. अशा दोराला नुसता ताण देऊन तो किती वाढेल? व्यायामाने तोंड थोडं जास्त उघडतं, पण सुपारी चालूच असेल तर एका हाताने दोर ओढायचा आणि दुसऱ्या हाताने वळायचा, असा प्रकार होतो. उलट शस्त्रक्रियेत पट्टे कापल्यावर हाच व्यायाम निर्णायक ठरतो. तो केला नाही तर जखम भरताना आकसते आणि तोंड पुन्हा मिटत जातं. आपल्याकडे वापरलं जाणारं साधन अगदी साधं आहे : आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. दातांमध्ये मावतील तितक्या एकावर एक ठेवायच्या आणि काही दिवसांनी एकेक वाढवत जायचं. आजची काडी कालच्यापेक्षा जास्त, हे माप रुग्णाला स्वतःलाच कळतं. स्नायूंच्या दुखण्यात मात्र असा जोर लावला तर दुखणं वाढू शकतं. तिथे हळुवार हालचाल, शेक, दात न आवळण्याची सवय यांनी सुरुवात होते. खीळ कुठे आहे ते आधी का बघायचं, ते इथे कळतं.

आणखी एक गोष्ट व्यायाम करू शकत नाही. तोंड जास्त उघडलं म्हणजे कर्करोगाची भीती गेली असं होत नाही. हा धोका किती, यावरचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. १९५६ मध्ये पेमास्टर यांनी टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या अशा रुग्णांपैकी एक तृतीयांशांत कर्करोग दिसल्याचं लिहिलं. १९८५ मध्ये मूर्ती आणि सहकाऱ्यांनी केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यातल्या गावांतल्या ६६ रुग्णांचा १७ वर्षं मागोवा घेतला, त्यात ५ जणांना कर्करोग झाला, म्हणजे ७.६ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला कॅन्सरच्या दवाखान्यात पोचलेल्यांचा आहे, दुसरा घरात बसलेल्यांचा. तुमचा नमुना कुठून घेताय, हे पद्धतीच्या प्रकरणात पहिल्याच परिच्छेदात लिहा.

हा व्यायाम करून घेणार कोण? भारतात फिजिओथेरपीचं पद्धतशीर शिक्षण १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, त्यामागे पोलिओची साथ होती. साहजिकच या पेशाचं लक्ष हातापायांवर राहिलं. जबडा दंतवैद्यांकडे राहिला, आणि त्यांच्या शिक्षणाचा भर दात आणि शस्त्रक्रियेवर. या दोघांच्या मधल्या फटीत आपला रुग्ण पडतो, असं माझं मत. भोकरहून नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जाऊन यायचं तर दिवस मोडतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. शिफारशीत "देखरेखीखालचा व्यायाम" असं लिहिणं सोपं असतं. रोज देखरेख कशी करणार?

इथेच एक खरा संशोधन प्रश्न आहे आणि तो कुणीही घ्यावा, माझी हरकत नाही. काड्यांचा व्यायाम घरी दिलेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी किती जण तो करत असतात? आशाताईंनी आठवड्यातून एकदा येऊन काड्या मोजल्या तर फरक पडतो का? त्यासाठी फार यंत्रं लागत नाहीत. एक व्हर्नियर कॅलिपर, पुढच्या वरच्या-खालच्या दातांच्या कडांमधलं अंतर तीनदा मोजून सरासरी, सुपारी बंद आहे की चालू याची सरळ नोंद, आणि गालाच्या आतून बोट फिरवून दोर लागतो का ते बघायची परवानगी. एथिक्स कमिटीच्या अर्जात ही शेवटची गोष्ट मराठीत, रुग्णाला कळेल अशी लिहा.